चारशे शेअरांची मालकीण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला आरोग्य, पाककृती, मुलांचे संगोपन अशा विषयांवर भाषणे होतात. यंदा चिटणीसबाईंनी मला आग्रह केला की, "तुम्ही पैशांविषयी चार शब्द सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा अर्थशास्त्र मी सांगू लागले तर ते कुणी ऐकू नये हे बरे. परंतु गेली काही वर्षे मी एका कंपनीची लहानशी भागधारक आहे, आणि त्या कंपनीच्या कारभारावरचा माझा विश्वास कसा उडाला, ही हकीकत मात्र मला नीट ठाऊक आहे. तीच आज सांगते. कंपनीचे नाव घेणार नाही. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही, तिच्या कारभारावरून काय शिकायचे ते महत्त्वाचे.

शेअर म्हणजे काय, हे आधी आपल्या भाषेत सांगते. समजा, आपण चाळीस जणींनी शंभर-शंभर रुपये घातले आणि पापडांचा उद्योग काढला. चाळीसही जणी रोज कारभार पाहू शकत नाहीत, म्हणून आपण त्यातल्या तिघींवर काम सोपवले. त्या तिघी म्हणजे संचालक मंडळ आणि आपण चाळीस जणी भागधारक. फायदा झाला तर वाटून घ्यायचा, तो लाभांश. तोटा झाला तर कुरकूर न करता सोसायचा, कारण पावसाळा लांबला, पापड वाळले नाहीत, यात त्या तिघींचा काय दोष? पण समजा, त्या तिघींतल्या एकीने उडदाची डाळ बाजारभावापेक्षा महाग दराने स्वतःच्या भावाच्या दुकानातून घ्यायला सुरुवात केली, आणि आपण विचारले तर "तुम्हांला त्यातले काय कळते?" असे म्हणाली, तर? डाळीचे चार पैसे गेल्याचे दुःख एक वेळ विसरता येईल. त्या उत्तराने मन उतरते ते उतरतेच.

मोठ्या कंपनीतही हेच असते. आकडे तेवढे मोठे असतात.

माझे सासरे यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. कारखान्यावर त्यांची भारी माया. कंपनीने शेअर बाजारात आणले तेव्हा त्यांनी पगारातून काटकसर करून थोडे घेतले, पुढे बोनस शेअर मिळत गेले आणि चारशे झाले. दिवाळीच्या आधी लाभांश यायचा. रक्कम मोठी नव्हती, पण त्यात मुलांचे कपडे, फराळाचे तूप आणि सासूबाईंचे एक लुगडे व्हायचे. सासरे ते पैसे देवापुढे ठेवत आणि मग खर्चाला देत. २०१६ साली ते वारले. घरातल्या सर्वांच्या संमतीने शेअर माझ्या नावे झाले, कारण टपाल, पासबुके, पावत्या हे सगळे घरात मीच सांभाळते.

पहिली तीन वर्षे काही वावगे दिसले नाही. २०२० साली साथ आली आणि लाभांश बंद झाला. मी म्हटले, ठीक आहे. त्या वर्षी किती तरी चांगल्या कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. आपल्याही घरांत त्या साली कुठे सोने घेतले? पुढच्या वर्षी कारखाना पूर्ववत सुरू झाला, विक्री वाढली, पण लाभांश आला नाही. त्याच वर्षी अध्यक्षांच्या मेहनतान्यात वाढ झाली. इथे मला पहिल्यांदा टोचले. घरात साखर कमी पडली तर ती सगळ्यांनाच कमी पडते. एकाच्याच चहात दोन चमचे जास्त पडू लागले, तर वाटणाऱ्याकडे बघावे लागते.

मग मी वार्षिक अहवाल उघडला. तो इंग्रजीत असतो आणि शेदोनशे पानांचा असतो. माझी लेक तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती वाचून मराठीत सांगे आणि मी विचारीत जाई. रोज रात्री भांडी आवरल्यावर पाऊण तास, असे आम्ही तीन आठवडे बसलो. पुढची चकचकीत पाने, झाडे लावल्याचे फोटो, अध्यक्षांचे पत्र, हे आम्ही भराभर उलटले. खरी गोष्ट मागच्या टिपांत असते. तिथे लहान अक्षरांत 'संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार' असा भाग असतो. कंपनीने अध्यक्ष, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या इतर कंपन्या यांच्याशी काय देणे-घेणे केले, ते तिथे लिहावेच लागते. आमच्या कंपनीने अध्यक्षांच्या भावाच्या बांधकाम कंपनीला मोठे कर्ज दिले होते. लेकीने मागच्या दोन वर्षांचे अहवाल संगणकावरून काढले. दोन्हींत तेच कर्ज, थोडे थोडे वाढलेले, आणि त्यापुढे तेच वाक्य की, रक्कम वसूल होण्याजोगी आहे. शिवाय हिशेब तपासनीस मुदत संपायच्या आधीच काम सोडून गेले होते.

मी लेकीला विचारले, "सुटे भाग करणाऱ्या कारखान्याने इमारती बांधणाऱ्याला पैसे का द्यावेत?" ती म्हणाली, "आई, हाच प्रश्न परीक्षेत आला तर मी तुझेच वाक्य लिहीन."

भगिनींनो, असा प्रश्न पडणे म्हणजे संशयी स्वभाव नव्हे. आपल्या देशात याचा धडा एकदा फार महाग पडून मिळाला आहे. हैदराबादची सत्यम ही संगणक क्षेत्रातली नावाजलेली कंपनी होती. १६ डिसेंबर २००८ या दिवशी तिच्या संचालकांनी ठरवले की, मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घ्यायच्या. संगणकाचे काम करणाऱ्या कंपनीने जमिनीच्या आणि बांधकामाच्या कंपन्या कशाला घ्याव्यात? त्या अध्यक्षांच्या कुटुंबाच्या होत्या. सत्यम हे नाव इंग्रजीत उलटे वाचले की मेटास होते. भागधारकांनी इतका गहजब केला की काही तासांतच तो बेत मागे घ्यावा लागला. आणि तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, हिशेब वर्षानुवर्षे खोटे आहेत. ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोकड आणि बँकेतली शिल्लक दाखवली होती, त्यांतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या एका दिवसात शेअरचा भाव पाऊण भागाहून जास्त कोसळला. पुढे २०१५ साली न्यायालयाने त्यांना आणि इतरांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पण ज्यांनी पेन्शनीचे पैसे घालून शेअर घेतले होते, त्यांना त्या शिक्षेने काय मिळाले?

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याआधी काही महिनेच त्या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक मिळाले होते. म्हणून पारितोषिके आणि फोटो पाहून विश्वास ठेवू नये. पैसा कुठून कुठे गेला, ते पाहावे.

आता प्रश्न असा की, चारशे शेअरांची बाई करणार काय? पुष्कळ जणी मला म्हणाल्या, "समुद्रात खसखस! तुमचे कोण ऐकतो?" पण कायद्याने मला काय दिले आहे, ते मी आधी समजून घेतले. सभेची सूचना मला निदान एकवीस दिवस आधी मिळाली पाहिजे. सभेत मला प्रश्न विचारता येतो. २०२० पासून अनेक कंपन्यांच्या सभा फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर होतात, त्यामुळे मुंबई-पुण्याला जायचा खर्च वाचतो. ज्यांना बोलायचे असेल त्यांनी सूचनेत दिलेल्या मुदतीत नाव कळवायचे. ठरावांवर मतही घरबसल्या देता येते. ते मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होते. अध्यक्षांशी संबंधित कंपनीबरोबरचा मोठा व्यवहार असेल, तर शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला त्यासाठी भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या ठरावाच्या बाजूने संबंधितांना स्वतः मत देता येत नाही. म्हणजे असा एक तरी प्रसंग असतो की जिथे घरमालकाने बाजूला बसायचे आणि भाडेकरूंनी ठरवायचे.

२०२२ सालच्या सभेला मी बोलणाऱ्यांत नाव दिले. आमचे हे म्हणाले, "जपून बोल." सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या मीठ-भाकरीवर आपण वाढलो, तिथे भांडायचे नाही." मी त्यांना म्हटले, "आई, भांडणार नाही. हिशेब विचारणार आहे." माझी पाळी आली तेव्हा छातीत धडधडत होते. लेकीने कागदावर प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. मी मराठीतच विचारले. तीनच गोष्टी विचारल्या. बांधकाम कंपनीला दिलेले कर्ज कोणत्या कामासाठी दिले आणि ते कधी परत येणार? त्यावर व्याज प्रत्यक्ष हातात येते की नुसते वहीत लिहिले जाते? आणि हिशेब तपासनीस मधेच का गेले?

अध्यक्ष हसून म्हणाले, "ताईंनी चांगला प्रश्न विचारला. ताईंनी काळजी करू नये. ही कंपनी आपले सर्वांचे कुटुंब आहे." आणि त्यांनी पुढच्याचे नाव पुकारले.

भगिनींनो, माझा विश्वास उडाला तो त्या क्षणी. तोपर्यंत लाभांश बंद होता, भाव उतरला होता, तरी माझ्या मनात आशा होती. त्यांनी म्हटले असते की, "होय, ते कर्ज अडकले आहे, दोन वर्षांत वसूल करू," तर मी आणखी पाच वर्षे थांबले असते. अडचण कुणाला येत नाही? पण तीन प्रश्नांपैकी एकालाही उत्तर नाही, आणि वर कुटुंबाचे नाव! माझ्या घरात दूधवाल्याचे, किराण्याचे, मुलांच्या वहीपेन्सिलीचे सगळे हिशेब कॅलेंडरवर लिहिलेले असतात. कुणीही विचारावे, मी सांगते. कुटुंब म्हणतात ते हेच. जिथे विचारले की "काळजी करू नका" असे सांगतात, तिथे काळजी करण्याजोगे काहीतरी असते.

त्या साली त्या कर्जाची मुदत वाढवण्याचा ठराव होता. मी विरोधात मत दिले होते. कंपनीच्या चिटणीसांना रजिस्टर पत्र पाठवून तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. दोन महिन्यांनी उत्तर आले की, सर्व माहिती अहवालात दिलेली आहे. मग सेबीच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर, ज्याला स्कोअर्स म्हणतात, तिथे तक्रार नोंदवली. कंपनीने तिथेही उत्तर दिले की, कायद्याने सांगितलेली माहिती आम्ही छापली आहे. आणि ते खोटेही नव्हते. छापली होती. कायदा त्यांना छापायला लावतो, परंतु चांगले वागायला लावू शकत नाही. तेवढे आपल्याला ओळखावे लागते.

ठराव मंजूर झाला. विरोधातली मते किती होती, ते कंपनीने जाहीर केले, कारण तेही जाहीर करावे लागते. माझ्यासारखे आणखी बरेच जण होते. मला बरे वाटले की, मी एकटी नव्हते.

अशा मतांचे कधीच काही होत नाही, असेही समजू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आयशर मोटर्स या मोठ्या कंपनीच्या सभेत व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनेमणुकीचा विशेष ठराव फेटाळला गेला. विशेष ठरावाला विरोधाच्या तिप्पट मते लागतात, तेवढी मिळाली नाहीत. भागधारकांचा आक्षेप माणसावर नव्हता, मेहनतान्याच्या मर्यादेवर होता. कंपनीने ती मर्यादा कमी करून ठराव पुन्हा मांडला आणि तो मंजूर झाला. तिथे मोठमोठ्या म्युच्युअल फंडांची मते होती हे खरे. पण म्युच्युअल फंडात तरी पैसे कुणाचे असतात? तुमचे-माझेच महिन्याचे हजार-पाचशे.

त्यानंतर आमच्या घरात प्रश्न आला, शेअर ठेवायचे की विकायचे? भाव तेव्हा चारशेला धरून होता, म्हणजे दीड लाखावर रक्कम होती. लेकीचे पुढचे शिक्षण समोर होते. पण गोष्ट नुसत्या पैशांची नव्हती. सासूबाईंच्या दृष्टीने ती सासऱ्यांची आठवण. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटले, "आई, बाबांनी ज्यांच्यावर विश्वास ठेवला, ते मालक आता नाहीत. ते स्वतः कारखान्यात फिरत, कामगाराला नावाने हाक मारीत. बाबांचा विश्वास खरा होता. तो कंपनीच्या पाटीवर नव्हता, माणसांवर होता. माणसे बदलली." सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वीक. पण सगळे नको."

२०२३ साली तीनशे नव्वद विकले, दहा ठेवले. त्या पैशांत लेकीची फी भरली आणि उरलेले पोस्टात ठेवले. विकल्यावर चार महिने भाव चढतच गेला. शेजारणी म्हणाल्या, "घाई केलीत, वीस-पंचवीस हजार घालवले." मी म्हटले, "भाव चढेल की उतरेल, हे पाहून मी विकलेच नाहीत. ज्याच्या हातात किल्ली आहे, त्याने सरळ उत्तर दिले नाही म्हणून विकले." आजही ते कर्ज अहवालात तसेच आहे. कंपनी बुडालेली नाही. न बुडो! तिथे शेकडो घरांच्या चुली पेटतात.

दहा शेअर का ठेवले, असे विचाराल. एक तर सासूबाईंच्या शब्दासाठी. दुसरे म्हणजे, दहा शेअर असले तरी सभेची सूचना येते आणि प्रश्न विचारता येतो. दरवर्षी मी नाव देते आणि तेच तीन प्रश्न विचारते. गेल्या वर्षी माझ्याआधीच एका वृद्ध गृहस्थांनी त्यांतला पहिला विचारला.

आता आपल्यापैकी ज्यांच्या घरी थोडेफार शेअर आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते आणि थांबते. पहिली, घरातल्या जुन्या ट्रंका उघडून पाहा. कागदी शेअर सापडले तर ते डीमॅट करून घ्या. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकून देता येत नाहीत. लाभांश सात वर्षे उचलला नाही तर तो सरकारच्या निधीत जातो, आणि ती सातही वर्षे ओळीने उचलला नसेल तर शेअरही जातात. अर्ज करून परत मिळतात, पण खेपा घालाव्या लागतात. दुसरी, अहवालातला संबंधित व्यक्तींच्या व्यवहारांचा भाग घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. त्यालाही चांगले वळण लागेल. तिसरी, मालकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवले आहेत का ते पाहा. सत्यमच्या प्रकरणानंतर २००९ पासून ते जाहीर करणे सक्तीचे झाले. घर चालवणारा माणूस दागिने गहाण ठेवू लागला, तर बाईला ते कळायलाच हवे. चौथी, तोटा झाला म्हणून घाबरून विकू नका आणि नाव मोठे आहे म्हणून डोळे मिटून ठेवू नका. प्रश्न विचारा, आणि उत्तर कसे येते ते ऐका.

थोड्या वेळाने आपल्या खजिनदारबाई मंडळाचा जमाखर्च वाचतील. हळदीकुंकवाच्या खर्चापासून सतरंज्यांच्या धुलाईपर्यंत सगळे त्यात असेल. एरवी आपण त्या वेळी चहाची वाट पाहत कुजबुजत असतो. आज माझी विनंती आहे की, सर्वांनी लक्ष देऊन ऐकावे आणि निदान दोन-तीन जणींनी तरी प्रश्न विचारावेत. खजिनदारबाईंना राग येणार नाही, हे मी त्यांच्या वतीने सांगते. त्यांची वही स्वच्छ आहे आणि स्वच्छ वहीला प्रश्नाची भीती नसते. विश्वास टिकतो तो अशा विचारण्यानेच.